पडदा काळा का पडतो? व्हॉइस चॅट ॲपमधल्या स्क्रीन शेअरच्या अडचणींचा आढावा

व्हॉइस चॅट ॲपवर स्क्रीन शेअर करताना ऐकू येणाऱ्या तक्रारी मोजून तीन असतात. समोरच्याला पडदा काळा दिसतो. चित्र अडकत, चौकोन-चौकोन होत येते. किंवा चित्र स्वच्छ असते पण त्यातला आवाज पोहोचत नाही. तिन्हींवर घरोघरी निदान एकच होते: नेट स्लो आहे. मग राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिला जातो, आणि काळा पडदा काळाच राहतो. काळ्या पडद्याचा नेटच्या वेगाशी क्वचितच संबंध असतो. झूम कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाने चेहऱ्याचे चित्र न पाठवता नुसती स्क्रीन शेअर करायला सेकंदाला ५० ते ७५ किलोबिट पुरतात. ज्या जोडणीवर माणसाचे बोलणे धड ऐकू येते, त्या जोडणीवर एक स्थिर पान दिसायलाच हवे. ते दिसत नसेल तर दोष बहुधा दुसरीकडे आहे.

छत्तीसगडमधल्या भिलाईत ही अडचण रोजची आहे, आणि तिथल्या मराठी घरांत तर विशेष. छत्तीसगडावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि भिलाई ज्यात आहे तो दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूरच होती. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या सगळ्या भागांतून माणसे इथल्या सेक्टरांत राहायला आली. त्यांची मुले-नातवंडे आता पुणे, बंगळूर, मुंबई किंवा परदेशात असतात. निवृत्त आजोबांना हयातीचा दाखला भरायचा असतो, आजीला कुलदेवतेच्या यात्रेचे आरक्षण पाहायचे असते, आणि नातू तिकडून म्हणतो, ‘तुमची स्क्रीन शेअर करा, मी सांगतो कुठे दाबायचं ते.’ अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुले रात्री एकमेकांना गणिते दाखवतात, आणि तीच मुले तासाभराने त्याच ॲपवर गेम दाखवतात. एप्रिल २०२०मध्ये छत्तीसगड सरकारने ‘पढ़ई तुंहर दुआर’ हा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून मास्तरांनाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. ‘स्क्रीन दिसतेय का?’ हे वाक्य त्या काळात घराघरांत रुळले.

दूरच्या माणसाला आपला पडदा दाखवण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सभागृहातून मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर एकच पडदा वाटून घेऊन काम करून दाखवले, आवाजासकट. मायक्रोसॉफ्टच्या नेटमीटिंगने १९९६मध्ये ती सोय घरगुती संगणकावर आणली. गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांसाठी मे २०१५मध्ये आलेल्या डिस्कॉर्डने २०१७मध्ये स्क्रीन शेअर दिले, ऑगस्ट २०१९मध्ये गेम थेट दाखवण्याचे ‘गो लाइव्ह’ आणले आणि मार्च २०२०मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, त्याची प्रेक्षकमर्यादा १० वरून ५० केली. व्हॉट्सॲपवर हीच सोय ऑगस्ट २०२३मध्ये आली. ॲपे वेगळी असली तरी आतली यंत्रणा जवळपास सारखी आहे, त्यामुळे बिघाडही सारखेच आहेत. पुढची उदाहरणे मुख्यतः डिस्कॉर्डची आहेत. झूम, मीट, टीम्स, टेलिग्राम यांनाही ती थोड्या फरकाने लागू पडतात.

टप्पे

भिलाईच्या कारखान्यात दल्ली-राजहराच्या खाणींतले लोहखनिज येते, झोतभट्टीत त्याचे लोखंड होते, मग पोलाद, आणि शेवटी रेल मिलमधून १३० मीटर लांबीचा अखंड रूळ बाहेर पडतो. रुळात दोष सापडला तर तो कुठे शिरला हे आधी ठरवावे लागते. खाणीतला दोष रेल मिलमध्ये दुरुस्त होत नाही. पडद्यावरच्या चित्राचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्याचा असतो. आधी ऑपरेटिंग सिस्टिम ॲपला पडदा पाहण्याची परवानगी देते. मग ॲप ग्राफिक्स कार्डाकडून पडद्याची चित्रे उचलते. ती चित्रे एन्कोडर दाबून लहान करतो. लहान केलेली माहिती नेटवरून सर्व्हरकडे आणि तिथून पाहणाऱ्याकडे जाते. पाहणाऱ्याचे यंत्र ती पुन्हा उलगडून दाखवते. पाचही टप्प्यांचे बिघाड शेवटच्या पडद्यावरच दिसतात, पण प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती खूण ओळखता आली की निम्मी दुरुस्ती झालेली असते.

म्हणून पहिला प्रश्न पाहणाऱ्यांना विचारायचा: कोणाकोणाला दिसत नाही? चार जणांपैकी चौघांनाही काळे दिसत असेल तर दोष दाखवणाऱ्याच्या यंत्रात आहे. एकालाच काळे दिसत असेल तर त्या एकाच्या यंत्रात, आणि दाखवणाऱ्याने काहीही बदलण्याची गरज नाही. दोघेच बोलत असतील तर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरून त्याच व्हॉइस चॅनेलमध्ये शिरून स्वतःची स्क्रीन पाहावी. ही दोन मिनिटांची चाचणी तासाभराची उलथापालथ वाचवते, आणि तरीही ती फार थोडे लोक करतात.

दुसरा प्रश्न: नेमके काय दिसते? संपूर्ण काळे, की मागचे वॉलपेपर तेवढे? चित्र गोठलेले आहे, की हलते पण धूसर? सुरुवातीला ठीक होते आणि दहा मिनिटांनी बिघडले, की पहिल्यापासूनच असे? ‘दिसत नाही’ या दोन शब्दांत ही सगळी उत्तरे मिसळून जातात. पाहणाऱ्याला विचारताना ती वेगळी करून घेतली पाहिजेत.

परवानगी

वॉलपेपर दिसते, वरची पट्टी दिसते, पण उघडलेली एकही खिडकी दिसत नाही, ही खूण मॅकवर ठळक आहे. २०१९च्या मॅकओएस कॅटलिनापासून ॲपलने पडदा टिपण्यासाठी वेगळी परवानगी सक्तीची केली. ती नसेल तर ॲपला बाकीच्या ॲपांच्या खिडक्या दिसतच नाहीत. सिस्टिम सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा या विभागात स्क्रीन रेकॉर्डिंगच्या यादीत ॲपचे नाव शोधून ते चालू करायचे, आणि मग ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचे. हा शेवटचा भाग राहून जातो. परवानगी दिली तरी चालू असलेल्या ॲपला ती लागू होत नाही, आणि माणूस समजतो की उपाय फसला. अलीकडच्या मॅकओएसमध्ये ही परवानगी अधूनमधून पुन्हा विचारली जाते, त्यामुळे कालपर्यंत चालत असलेले आज बंद पडले तर पहिली नजर इथेच टाकावी.

ब्राउझरमधून शेअर करताना परवानगी दर वेळी नव्याने मागितली जाते, आणि तेही पत्ता एचटीटीपीएसचा असेल तरच. काही ब्राउझरांत मात्र चुकून ‘नाही’ दाबले गेले तर पत्त्याच्या पट्टीच्या कडेला असलेल्या चिन्हावरून ते बदलावे लागते.

लिनक्सवर अडचण परवानगीपेक्षा खोल आहे. जुन्या एक्स-११ पद्धतीत कोणतेही ॲप संपूर्ण पडदा पाहू शकत असे. नव्या वेलँड पद्धतीने ते बंद केले. आता चित्र हवे तर ॲपने ‘पोर्टल’मार्फत मागायचे आणि पाइपवायरमार्फत घ्यायचे. फेडोरा २०१६पासून आणि उबुंटू २०२१पासून वेलँडवर सुरू होतात. ज्या ॲपने हा नवा रस्ता धरलेला नाही, त्यात लिनक्सवाल्याचा पडदा काळा दिसतो किंवा काहीच खिडक्या दिसतात. डिस्कॉर्डचे लिनक्स ॲप या बाबतीत कित्येक वर्षे मागे होते. तोवर लिनक्सवरचे विद्यार्थी एकतर ब्राउझरमधून शेअर करत किंवा लॉगिनच्या वेळी जुनी एक्स-११ पद्धत निवडत, आणि यातला ब्राउझरचा मार्ग अजूनही उपयोगी आहे.

काळा पडदा

परवानगी आहे, खिडकी निवडली आहे, आणि तरी काळे. विंडोजवर सर्वाधिक छळणारी हीच अवस्था आहे, आणि तिची कारणे एकमेकांशी संबंध नसलेली चार-पाच आहेत.

सर्वांत साधे कारण आधी. शेअर केलेली खिडकी खाली मिनिमाइझ केली की विंडोज तिचे नवे चित्र काढणे थांबवते. समोरच्याला मग शेवटचे चित्र गोठलेले दिसते किंवा काळे दिसते. खिडकी दुसऱ्या खिडकीमागे झाकली गेली तर चालते. खाली बसवली तर चालत नाही. शिकवता शिकवता पीडीएफ मिनिमाइझ करून दुसरे काही उघडण्याची सवय असलेल्यांनी खिडकीऐवजी पूर्ण स्क्रीन शेअर केलेली बरी.

दुसरे कारण लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डे असण्याचे. गेमसाठी घेतलेल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधले एक छोटे ग्राफिक्स असते, जे वीज वाचवते, आणि एनव्हिडिया किंवा एएमडीचे दुसरे मोठे कार्ड असते. पडदा बहुतेक वेळा छोट्याला जोडलेला असतो. विंडोज ८पासून आलेल्या पडदा-प्रतिलिपीच्या सोयीचा नियम असा, की जे कार्ड पडदा चालवते त्याच्याकडूनच चित्र घ्यायचे. विंडोजने चॅट ॲपला मोठ्या कार्डावर टाकले असेल तर ते चुकीच्या दारात उभे राहते आणि हाती काळी चौकट येते. उपाय सेटिंग्जमध्ये आहे: सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन चॅट ॲप यादीत घ्यायचे आणि त्याला ‘पॉवर सेव्हिंग’ लावायचे. उलट खिडकी शेअर करताना गेम आणि ॲप वेगवेगळ्या कार्डांवर असतील तर दोन्हींना एकाच कार्डावर आणून पाहायचे. हा बिघाड ओळखायची खूण अशी की डेस्कटॉप संगणकावर तो जवळपास कधीच होत नाही आणि त्याच खात्याने लॅपटॉपवर हमखास होतो.

तिसरे कारण गेमच्या ‘फुलस्क्रीन’चे. काही गेम पूर्ण पडद्यावर पसरताना पडद्याचा ताबा स्वतःकडे घेतात, विंडोजला मध्ये येऊ देत नाहीत. मग चॅट ॲपला उचलायला काही उरत नाही. गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘बॉर्डरलेस’ किंवा ‘विंडोड’ निवडले की चित्र येते. गेम ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालू असेल आणि चॅट ॲप साध्या हक्कांवर, तर चॅट ॲपचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही एकाच पातळीवर आणावे लागतात. गेमचा हक्क काढता येत असेल तर तोच काढावा. चॅट ॲपला कायमचे ॲडमिनिस्ट्रेटर करून ठेवणे सुरक्षेच्या दृष्टीने वाईट सवय आहे.

चौथे कारण हार्डवेअर ॲक्सेलरेशन. डिस्कॉर्डचे संगणकावरचे ॲप आतून क्रोमच्याच जातीच्या ब्राउझरवर बांधलेले आहे, आणि ते आपले चित्रकाम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवते. ड्रायव्हर जुना असेल किंवा नुकत्याच आलेल्या अपडेटने बिघडवला असेल तर हा व्यवहार अर्ध्यात तुटतो. सेटिंग बंद करून ॲप पुन्हा सुरू केल्यावर पडदा दिसू लागला तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे असे समजावे, ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीकडून घेऊन बसवावा, आणि सेटिंग परत चालू करावी. अनेक जण ती कायमची बंद ठेवतात. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि काळ्या पडद्याच्या जागी अडकणारे चित्र येते. डिस्कॉर्डच्या व्हॉइस आणि व्हिडिओ सेटिंगमध्ये पडदा टिपण्याची नवी पद्धत वापरायची की जुनी, याचाही एक खटका असतो. एकाने काळे आले तर दुसऱ्याने पाहावे. आणि ॲप बंद करणे म्हणजे खिडकीवरची फुली दाबणे नव्हे. घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांत ते चालूच राहते. तिथून बाहेर काढल्याशिवाय पुन्हा सुरू करण्याला अर्थ नाही.

शेवटचे कारण हा बिघाडच नाही. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार यांवरचे चित्रपट संरक्षित वाटेने पडद्यावर येतात, आणि ती वाट टिपणाऱ्या ॲपला मुद्दाम काळी चौकट देते. ब्राउझरच्या पट्ट्या दिसतात, सबटायटल कधी दिसतात, मधला चौकोन तेवढा काळा. नागपूरच्या मावशीबरोबर भिलाईत बसून एकच चित्रपट पाहण्याची हौस समजण्यासारखी आहे, पण ही अडवणूक मालकी हक्कासाठी मुद्दाम केलेली असते आणि ती फोडणे सेवेच्या अटींविरुद्ध जाते. बँकांच्या आणि यूपीआयच्या ॲपांचेही असेच असते. अँड्रॉइडवर ही ॲपे आपल्या खिडकीवर ‘सुरक्षित’ असा शिक्का मारतात आणि शेअरमध्ये तेवढा भाग काळा होतो. तो काळाच राहू द्यावा. त्याचे कारण शेवटी येईल.

धूसर अक्षरे, तापलेले लॅपटॉप

पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली तर दर सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट होतात. घरून वर पाठवायला मिळणारा वेग त्याहून कितीतरी पटींनी कमी असतो. म्हणून एन्कोडर ही माहिती साधारण पाचशे पटींनी दाबतो. दाबताना तो दोन चित्रांतला फरक तेवढा पाठवतो आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे तपशील टाकून देतो.

यातला एक टाकलेला तपशील शिकवणाऱ्यांना माहीत असायला हवा. उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची पाठवली जाते, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच. चेहऱ्याच्या चित्रात हे कळत नाही. काळ्या फळ्यावर लाल पेनाने लिहिलेल्या बारीक अक्षरात मात्र लगेच कळते: अक्षराच्या कडा पसरतात, वर्गमूळाचे चिन्ह आणि वजाबाकीची रेघ एकमेकांत मिसळतात. पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे लिहिले तर त्याच वेगात तेच गणित स्वच्छ वाचता येते. नेटला दोष देण्याआधी पेनाचा रंग बदलून पाहावा.

ॲपला आपण काय दाखवतो आहोत हे सांगण्याचाही फायदा होतो. मजकुरासाठी चित्रांची संख्या कमी आणि स्पष्टता जास्त लागते. सेकंदाला पाच चित्रे आली तरी पान वाचता येते. गेम किंवा व्हिडिओला संख्या जास्त लागते. डिस्कॉर्डमध्ये शेअर करताना वाचनासाठी की हालचालीसाठी हा पर्याय असतो. मीट आणि झूममध्ये व्हिडिओ दाखवताना वेगळी खूण करता येते. चुकीचा पर्याय निवडलेला असला की एकतर अक्षरे धूसर होतात किंवा व्हिडिओ चित्रफितीऐवजी स्लाइड शोसारखा दिसतो. डिस्कॉर्डचे मोफत खाते ७२० रेषा आणि ३० चित्रांपुरते आहे, त्यामुळे मोठ्या पडद्यावरची बारीक अक्षरे त्यात विरघळणारच. पूर्ण स्क्रीनऐवजी एकच खिडकी शेअर करावी, आणि तिच्यातली अक्षरे मोठी करावीत.

‘पहिली दहा मिनिटे छान, मग अडकायला लागते’ ही तक्रार भिलाईत एप्रिल-मेमध्ये वाढली तर आश्चर्य नाही. त्या दिवसांत इथला पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. दाबण्याचे काम प्रोसेसरला किंवा ग्राफिक्स कार्डाला सतत करावे लागते, यंत्र तापते, आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. वेग उतरला की चित्रे गळतात. नेटचा वेग मोजला तर तो ठणठणीत असतो, म्हणून हा दोष सापडत नाही. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवणे, मागची जाळी धुळीपासून मोकळी ठेवणे, चार्जर जोडणे, शेअर ७२० रेषांवर आणणे, ब्राउझरमधल्या नको त्या टॅब बंद करणे, आणि एन्कोडिंगचे काम ग्राफिक्स कार्डाकडे देण्याची सेटिंग चालू ठेवणे, एवढ्याने बहुधा भागते. तापण्यामुळेच अडकते आहे याची खात्री करायची असेल तर पहाटे सहाला तीच गोष्ट पुन्हा करून पाहावी.

नेटचा खरा वाटा

नेटचा दोष असतो तेव्हा तो वेगळ्या खुणांनी ओळखता येतो. चित्राबरोबर आवाजही तुटतो. चित्र काळे न होता चौकोनांचे होते, मग अचानक सावरते. आणि एकाच वेळी घरात दुसरे कोणी मोठी फाइल वर चढवत असते. घरचे नेट ‘शंभरचे’ आहे असे सांगताना लोक खाली उतरणारा वेग सांगतात, पण स्क्रीन शेअरला लागतो वर जाणारा. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये तो खालच्या वेगाच्या मानाने फारच कमी असायचा. फायबरने हा प्रश्न बराच सोडवला, पण मोबाइलच्या जोडणीवर तो टॉवरच्या गर्दीप्रमाणे मिनिटामिनिटाला बदलतो.

वेगापेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत: किती पाकिटे वाटेत हरवतात, आणि ती किती अनियमित अंतराने पोहोचतात. बोलण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मानक सांगते. सेक्टरांतल्या क्वार्टरमध्ये राउटर पुढच्या खोलीत आणि अभ्यासाचे टेबल मागच्या खोलीत असले की मध्ये विटांच्या दोन-तीन भिंती येतात. पाच गिगाहर्ट्झचा वाय-फाय वेगवान असतो पण भिंतीत लवकर दमतो, २.४ गिगाहर्ट्झचा भिंत ओलांडतो पण शेजाऱ्यांच्या राउटरांशी त्याची टक्कर होते, कारण त्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडला की दोन्ही भांडणे संपतात. नेटच्या बाजूचा इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

वसतिगृहातल्या किंवा कचेरीतल्या जाळ्यात प्रश्न वेगळा असतो. आवाज आणि चित्र यूडीपी या पद्धतीने जातात, आणि असे जाळे ती पद्धत अडवून ठेवते. डिस्कॉर्डवर त्या वेळी ‘जोडत आहे’ असे लिहून येते किंवा ‘नो रूट’ असा संदेश येतो. काही व्हीपीएन यूडीपी सोडत नाहीत, तेव्हाही हाच संदेश येतो. व्हीपीएन बंद करून पाहावे. डिस्कॉर्डमधली पाकिटांना प्राधान्य देण्याची सेटिंग काही राउटरांना पचत नाही, ती बंद केल्यावरही वाट मोकळी होते. एवढ्याने झाले नाही तर जाळ्याच्या व्यवस्थापकाशी बोलण्यावाचून मार्ग नाही. चॅनेलचा प्रदेश चुकून भारताऐवजी अमेरिका निवडला गेला असेल तर सगळे उशिराने पोहोचते. अमेरिकेतला मुलगा आणि भिलाईतले आईवडील बोलत असतील तर कोणत्या प्रदेशाने दोघांना बरे पडते ते मात्र प्रत्यक्ष करूनच ठरवावे लागते.

चित्र आहे, आवाज नाही

स्वतःचे बोलणे जाते पण शेअर केलेल्या व्हिडिओचा आवाज जात नाही, तेव्हा तो मुळात घेतलाच गेलेला नसतो. क्रोममधून टॅब शेअर करताना खाली आवाजाची एक खूण असते. ती राहिली तर व्हिडिओ मुका जातो. फायरफॉक्समधून शेअर करताना आवाज घेतलाच जात नाही. डिस्कॉर्डमध्ये विंडोजवर खिडकी शेअर केली तर त्या ॲपचाच आवाज जातो, त्यामुळे पीपीटीची खिडकी शेअर करून ब्राउझरमध्ये गाणे लावले तर ते कोणालाच ऐकू येणार नाही. मॅकवर संपूर्ण यंत्रणेचा आवाज टिपण्याची सोय ॲपलने उशिरा दिली, म्हणून जुन्या मॅकवर जोडसॉफ्टवेअर बसवावे लागे. व्हॉट्सॲपच्या स्क्रीन शेअरमध्ये आवाज जून २०२४पासून आहे. ॲप जुने असेल तर तो नसणार.

मग लोक लॅपटॉपच्या स्पीकरवर गाणे लावतात आणि मायक्रोफोनने ते पोहोचेल अशी आशा धरतात. इथे आवाज-शुद्धीची यंत्रणा आडवी येते. डिस्कॉर्डने एप्रिल २०२०मध्ये क्रिस्प नावाची यंत्रणा आणली, जी माणसाचे बोलणे ठेवते आणि बाकीचे पुसते. भिलाईच्या उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरची घरघर ती सुंदर पुसते, पण त्याच न्यायाने तबला आणि पेटीही पुसते. गाण्याचा वर्ग ऑनलाइन घेणाऱ्यांनी ती आणि तिच्याबरोबरची प्रतिध्वनी काढणारी सेटिंग त्या वेळेपुरती बंद ठेवावी, आणि हेडफोन लावावा, नाहीतर सगळ्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल.

ब्लूटूथ हेडफोन हा या विभागातला न बोलणारा गुन्हेगार आहे. त्याचा माइक वापरात आला की तो संगीताच्या पद्धतीतून फोनच्या पद्धतीत उतरतो, आणि ऐकू येणारा सगळा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. माइक लॅपटॉपचा आणि ऐकायला ब्लूटूथ, अशी विभागणी केली की गुणवत्ता परत येते.

फोनवरून

अँड्रॉइडने पडदा टिपण्याची सोय २०१४च्या ५.० आवृत्तीत दिली आणि इतर ॲपांचा आवाज टिपण्याची २०१९च्या दहाव्या आवृत्तीत. त्यातही ज्या ॲपने नकार दिला असेल त्याचा आवाज मिळत नाही. फोनची बॅटरी-बचत पार्श्वभूमीतल्या ॲपला मारते, आणि शेअर दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद पडते. चॅट ॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळे केले की ते टिकते. अँड्रॉइड १४पासून पूर्ण स्क्रीनऐवजी एकच ॲप शेअर करता येते. सुरुवातीला एक ॲप निवडून नंतर दुसरे उघडले तर समोरच्याला काही दिसत नाही, आणि त्याला बिघाड समजले जाते. आयफोनवर शेअर सुरू करण्याची सूचना सिस्टिमच्या खिडकीत पुन्हा एकदा दाबावी लागते. ॲपमधले बटण दाबून थांबले तर काही सुरू होत नाही.

पाहणारा फोनवर असेल तर त्याच्या बाजूलाही दोन गोष्टी पाहाव्यात. डिस्कॉर्डमध्ये चॅनेलमध्ये शिरल्याने चित्र आपोआप उघडत नाही, ते पाहण्याचे बटण दाबावे लागते. डेटा-बचत चालू असेल तर चित्र सर्वांत खालच्या दर्जाचे येते.

काळाच राहावा असा पडदा

आजी-आजोबांना स्क्रीन शेअर शिकवताना ते कधी करू नये हेही त्याच बैठकीत सांगितले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच एनीडेस्कसारख्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२४मध्ये ‘डिजिटल अटके’च्या टोळ्यांबद्दल इशारा दिला, आणि मायक्रोसॉफ्टच्या मदतीने एक हजाराहून अधिक स्काइप खाती बंद केल्याचे सांगितले. पद्धत सारखीच असते: बँकेतून, वीज कंपनीतून किंवा पोलिसांतून बोलतो आहोत असे सांगून समोरचा माणूस स्क्रीन शेअर करायला लावतो, आणि येणारा ओटीपी स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. बँकेच्या ॲपचा पडदा काळा होणे ही त्याविरुद्धची एक भिंत आहे. अँड्रॉइड १५ शेअर चालू असताना ओटीपीची सूचनाही झाकते. पण एसएमएसचे ॲप उघडले, की जुन्या फोनवर सगळे उघड होते.

घरच्या माणसाशीही पूर्ण स्क्रीनऐवजी एक खिडकी शेअर करणे बरे. येणाऱ्या सूचना त्यात दिसत नाहीत. अनोळखी माणसाने स्क्रीन मागितली तर फोन ठेवावा, आणि शेअर आधीच सुरू झाले असेल तर नेट बंद करावे, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवावे आणि १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. पहिल्या तासाभरात तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी थोपवता येण्याची शक्यता अधिक असते.